अय्याराचा बटवा

राजसत्तेसाठी चाललेली कारस्थाने आणि त्यांत मिसळलेली जादू, हा प्रकार आजच्या मुलांना 'गेम ऑफ थ्रोन्स'मुळे (२०११-२०१९) नवा वाटतो. त्यांच्या आईबापांनी तो १९९४ साली दूरदर्शनवर पाहिला होता. नीरजा गुलेरी यांची 'चंद्रकांता' लागली की आसगावकडे, आमच्या चौरास भागात, रविवारी सकाळी बांधीवर गेलेला माणूसही घाईने घर गाठायचा. पण त्या मालिकेतला अय्यार आपल्याच घरातून गेला होता, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते.

देवकीनंदन खत्री यांची कादंबरी १८८८ सालची. त्याआधी पाच वर्षे, १८८३ मध्ये, लखनौच्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्याने मुहम्मद हुसेन जाह यांच्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'चा पहिला खंड काढला होता. अमीर हम्जाच्या दास्तानीतला अमर अय्यार वेष पालटतो, शत्रूला बेशुद्ध करतो, आणि त्याच्या जंबीलमध्ये, म्हणजे झोळीत, वाटेल ते मावते. खत्रींनी झोळीतली करामत काढली, झोळी तेवढी ठेवली. तिचा बटवा झाला. त्यात बेहोशीचे औषध, शुद्धीवर आणणारा लखलखा, चेहरा बदलण्याचे सामान. तिलिस्मही त्यांनी कळ आणि खटक्यांवर चालणारे केले. जादूचा हा बुद्धीने केलेला अनुवाद मला कादंबरीचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मालिकेने नेमकी उलटी वाट धरली आणि काढलेली जादू परत आणली.

नुकसान तिथेच झाले. खत्री प्रस्तावनेतच सांगतात की, अय्यार राजाराजांतली भांडणे रक्त न सांडता मिटवत. म्हणजे सत्तासंघर्षात तलवारीला पर्याय म्हणून तो उभा आहे. पडद्यावर मात्र तलवारींचा खणखणाट इतका, की अय्याराला काम उरत नाही.

कथेत सत्तेचे एक सूत्र फार नेमके आहे. विजयगडच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह राजकन्येच्या आणि गादीच्या लोभाने चुनारच्या शिवदत्तकडे मदत मागायला जातो, आणि शिवदत्त स्वतःच चंद्रकांतेचा मागणीदार होऊन बसतो. बाहेरचा बलवान घरच्या भांडणात आणला की असेच होते; इतिहासात दाखले कमी नाहीत. अखिलेंद्र मिश्रांच्या क्रूरसिंहाने भुवया आणि 'यक्कू' यांच्या जोरावर घराघरांत नाव मिळवले. पण त्या हास्यात हे भयंकर सूत्र विरघळून गेले. पोरे आठवडाभर गल्लीत 'यक्कू' ओरडत. शिवदत्तची चाल कुणाच्या लक्षात राहिली?

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकाने टाळू नये. कादंबरीत क्रूरसिंहाच्या अय्यारांची नावे नाजिम आणि अहमद अशी आहेत, नायकाचा अय्यार तेजसिंह. ज्या परंपरेचा उस्ताद अमर अय्यार, तिच्यात मुसलमान नावे खलनायकाच्या पदरी पडली. यावरून खत्रींना एका फटक्यात द्वेष्टे ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. शिवदत्तच्या पदरी पंडित बद्रीनाथही आहेत, आणि खत्रींची हिंदी फारसी शब्दांनी भरलेली, बाजारातली बोली आहे. ती वाचण्यासाठी कित्येक जण नागरी शिकले असे सांगतात.

आपण मराठी मुसलमान. आपल्यातल्या पुष्कळांना उर्दू ऐकून कळते, वाचता येत नाही. म्हणून दास्तान आपल्यापर्यंत आली ती हिंदी मालिकेच्या खिडकीतून, नाव-गाव पुसून. दिल्लीचे नावाजलेले दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले. २००५ पासून दास्तानगोई पुन्हा मंचावर आली, तीही महानगरांतच. झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्रभर नाटके चालतात, सोंगांची कदर असलेला प्रेक्षक तिथे बसलेलाच आहे. अमर अय्यार त्याला मराठीत कुणी सांगितला तर तो पहाटेपर्यंत हलणार नाही.

मालिकेत एकच माणूस अय्याराला जागला, असे मला वाटते. इरफान खान. त्यांचा बद्रीनाथ इतरांच्या आरडाओरड्यात थांबून बघतो, समोरच्याला बोलू देतो, मग चाल करतो. २०२० मध्ये ते गेल्यावर सगळ्यांनी त्यांचे चित्रपट आठवले. बद्रीनाथ फारसा कुणाला आठवला नाही.