कर्तृत्व आणि वितरण : मुक्त आज्ञावलीच्या संहितेचा विचार

स्वतः रचलेली आज्ञावली लोकांस खुली करणे आणि ती एखाद्या मुक्त वितरणात समाविष्ट होण्यास योग्य करणे, या दोन क्रिया सामान्यतः एकच मानल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. पहिलीत कर्ता केवळ दान करतो. दुसरीत तो आपल्या कृतीचा एकमेव जाणकार राहण्याचा मान सोडतो. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या अभियंत्याने गोदामातील मालाची नोंद ठेवणारी आज्ञावली रचली, अशी कल्पना करावी. त्याच्या संगणकावर ती बिनचूक चालते. परंतु ती कोणत्या अन्य आज्ञावल्यांवर विसंबून आहे आणि कोणत्या क्रमाने बांधावयाची, हे केवळ त्याच्या स्मरणात असते. अशा कृतीचे आयुष्य कर्त्याच्या उपस्थितीइतकेच असते.

१९९३ साली आरंभ झालेल्या डेबियन या वितरणाने ही अडचण नियमांनी बांधून काढली. मूळ संहितेसोबत अवलंबनांची यादी, बदलांची नोंद, स्वामित्वाचे विवरण आणि बांधणीचे नियम लिखित स्वरूपात असावेत, असा त्याचा आग्रह आहे. जुलै १९९७ मध्ये स्वीकारलेल्या त्याच्या दहा निकषांपैकी सहावा निकष उपयोगाच्या क्षेत्रावरून भेद करण्यास मनाई करतो. यास्तव ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ ही सद्हेतूने घातलेली अटही कृतीस मुख्य वितरणाबाहेर ठेवते. चौथा निकष अधिक मार्मिक आहे. मूळ संहिता अबाधित राखून दुरुस्त्या पृथक् द्याव्यात, अथवा बदललेल्या कृतीस निराळे नाव द्यावे, अशी अट कर्त्यास घालता येते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेद दिलेले आहेत. मूळ आणि फेरफार यांतील सीमा वाचकास दिसावी, ही दृष्टी दोन्ही ठिकाणी सारखीच होय.

या विवेचनास महाराष्ट्राशी निगडित उदाहरण लोहित टंकांचे आहे. रेड हॅट कंपनीने २००४ साली भारतीय लिपींचे हे टंक जीपीएल या परवान्याखाली खुले केले. पुढे त्यांच्या विकासात कंपनीच्या पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा राहिला. परंतु जीपीएल हा मुख्यतः आज्ञावलीसाठी घडलेला परवाना. टंक दस्तऐवजात अंतर्भूत केल्यास त्या दस्तऐवजासही परवान्याच्या अटी लागू होतात काय, असा प्रश्न त्यातून उद्भवे. २०११ साली हे टंक ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले गेले. टंकाने निर्माण केलेल्या दस्तऐवजांना आपल्या अटी लागू नाहीत, असे तो परवाना स्पष्ट सांगतो. कृती तीच होती. परंतु तिच्या स्वातंत्र्याची भाषा निःसंदिग्ध होण्यास सात वर्षे लागली.

तथापि या नियमव्यवस्थेस मर्यादाही आहेत. ती कृतीची मोकळीक आणि बांधणीची शिस्त तपासते. कृतीच्या भाषिक औचित्याचा निर्णय तिच्या कक्षेबाहेर राहतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीतील रूपे हिंदीतील रूपांहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ साली त्यांचे प्रमाणीकरणही केले. हिंदी वळणाचीच अक्षरे देणारा टंक सर्व निकषांस उतरून वितरणात निर्वेध प्रवेश करू शकतो. हा दोष ओळखणारा मराठी जाणकार त्या प्रक्रियेत असेल तरच तो दूर होईल.

म्हणूनच वितरणासाठी कृती सिद्ध करणे हे निव्वळ तांत्रिक सोपस्कार ठरत नाही. बुटीबोरीच्या त्या कल्पित अभियंत्यास आपली कृती पुन्हा एकदा अपरिचिताच्या दृष्टीने वाचावी लागेल, आणि जे त्यास इतके परिचित आहे की लिहिण्याची गरजच वाटली नाही, नेमके तेच लिहून काढावे लागेल. मुक्ततेचा कस परवान्याच्या नावावर लागत नाही. कर्त्याच्या अनुपस्थितीत दुसऱ्यास ती कृती नव्याने घडविता येते की नाही, यावर तो लागतो.