ओल्गा टेलिस निकाल: हक्क मान्य झाला, पुढे काय?

एका माणसाचा हक्क आणि सार्वजनिक हित समोरासमोर आले की न्यायालय तोल कसा साधतं, हा आजचा विषय. नुसती कलमं वाचून तो कळणार नाही. म्हणून आपण एकच निकाल घेऊ, मुंबईच्या फुटपाथवरचा.

१३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं की, फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी धाडलं जाईल. तेही ऐन पावसाळ्यात. पत्रकार ओल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना आणि स्वतः झोपडीवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला.

अर्जदारांचं म्हणणं साधं होतं. फुटपाथवर कुणी हौसेने राहत नाही. काम जिथे मिळतं, तिथे जवळपास माणूस पथारी टाकतो. झोपडी गेली की काम गेलं, आणि काम गेलं की जगणंच गेलं. न्यायालयाने हे मान्य केलं. कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, असं स्पष्ट सांगितलं. ही मोठीच गोष्ट होती आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं.

आता दुसरं पारडं बघा. फुटपाथ चालण्यासाठी आहे, तो अडला तर पादचाऱ्याला गाड्यांमधून वाट काढावी लागते. हेही खोटं नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना नोटीस न देताही अतिक्रमण हटवू देतं. न्यायालयाने ते वैध ठरवलं. पण नोटीस देणं हा नियम आणि न देणं हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला.

इथपर्यंत ठीक. खरी मेख पुढे आहे. या लोकांना नोटीस मिळालीच नव्हती. मग आयुक्तांनी त्यांचं ऐकून घ्यावं, असा आदेश यायला हवा होता ना? न्यायालय म्हणालं, त्यांचं म्हणणं आम्हीच सविस्तर ऐकलंय, आता वेगळी सुनावणी नको. ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हटवू नका. १९७६ च्या गणनेत नोंद असलेल्यांना मालवणीत किंवा अन्यत्र जागा द्या. पण जागा देणं ही हटवण्याची पूर्वअट नाही.

आमचा आक्षेप इथे आहे. घटनेचा अर्थ लावणं वेगळं आणि एकेका झोपडीची चौकशी वेगळी. ही झोपडी वाट अडवते का, ती थोडी सरकवून भागेल का, कामाजवळ दुसरी जागा आहे का? हे प्रश्न त्या त्या जागी जाऊनच विचारता येतात. कमी नुकसानीचा मार्ग होता का, हे तपासणारी प्रमाणबद्धतेची कसोटी २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने ठळक केली. १९८५ मध्ये हा प्रश्न झोपडीपर्यंत पोचलाच नाही. शिवाय तराजूत एकीकडे 'व्यक्ती' आणि दुसरीकडे 'जनता' अशी मांडणी झाली. पण फुटपाथवर झोपणारा माणूस जनतेत मोडत नाही का?

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझर कारवाईला लगाम घातला, पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदीकाठ अशा सार्वजनिक जागांवरची अनधिकृत बांधकामं त्या संरक्षणातून वगळली. एकोणचाळीस वर्षांनंतरही फुटपाथवरचा माणूस नोटिशीच्या बाहेरच.

म्हणून निकाल वाचताना एक सवय लावून घेऊ. हक्काचं वर्णन किती भारदस्त आहे, यावर थांबायचं नाही. शेवटच्या पानावरचा आदेश वाचायचा आणि विचारायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या हातात नेमकं काय उरलं?