फिनलंडच्या चित्रांतले राबणे

फिनलंडच्या चित्रकलेत खेडूत जागोजाग भेटतो. खेड्यातले काम मात्र त्या मानाने कमी दिसते. अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी राबणाऱ्या माणसाला कॅनव्हासवर खरी जागा दिली, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. माणसाला जागा दिली. त्याच्या कामाला फार थोड्या चित्रांत दिली.

त्यांच्या आधीची पिढी या बाबतीत अधिक कामसू होती. एरो यार्नेफेल्टचे 1893 चे चित्र फिनलंडमध्ये घरोघर ठाऊक आहे. लापिनलाहती भागात जंगल तोडून, जाळून, राखेत धान्य पेरण्याची, आपल्याकडच्या कुमरीसारखी शेती चालायची. त्या जाळण्याचे ते दृश्य. धुरात वाकलेली माणसे, आणि पुढे काजळीने माखलेल्या चेहऱ्याची एक मुलगी, थेट आपल्याकडे पाहणारी. चित्र जबरदस्त आहे, पण त्याचा सगळा जोर त्या नजरेत आहे. बाकीची माणसे कामात आहेत, ही एकटी काम थांबवून शहरातल्या प्रेक्षकाला जाब विचारते आहे. दृष्टी तिच्यावर खिळते आणि मागचे काम धुरात जाते.

पेक्का हालोनेनने असा जाब विचारला नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या फिनिश दालनासाठी त्याने गोठलेल्या पाण्यावर कपडे धुणाऱ्या बायका रंगवल्या. आदल्याच वर्षी रशियाच्या झारने फिनलंडची स्वायत्तता आवळायला सुरुवात केली होती, त्यामुळे ते दालन म्हणजे जगासमोर मांडलेली राष्ट्राची ओळख होती. अशा ठिकाणी धुणे कसे दिसणार? शांत आणि सोज्वळ. बर्फात हात घालणाऱ्या बाईची बोटे बधिर होत असतील, ही शंकासुद्धा त्या चित्रापुढे येत नाही.

अकरा वर्षांनी, 1911 मध्ये, अभिव्यक्तिवाद्यांपैकी त्यूको साल्लिनेनने पुन्हा धुणाऱ्या बायकाच रंगवल्या, आणि इथे खरा सांधा बदलतो. साल्लिनेन नुर्मेसचा, शिंप्याचा मुलगा, स्वतः शिंपीकाम शिकलेला, कडव्या धर्मपंथी घरात वाढलेला. 1909 मध्ये तो पॅरिसला जाऊन आला आणि तिथला भडक रंग घेऊन परतला. या चित्रात रंग कच्चे आहेत, फटकारे ओबडधोबड आहेत, बायकांना सुंदर करण्याची त्याला गरज वाटलेली नाही. त्यांची दया येत नाही आणि त्यांचा अभिमानही वाटत नाही. त्या धुणे धुताहेत, एवढेच. आपल्या बायकोची, ‘मिर्री’ची, त्याने काढलेली चित्रेही कुरूप म्हणून हिणवली गेली. समीक्षकांचा हा राग मला समजतो: ज्या खेडुताला त्यांनी राष्ट्राचे प्रतीक म्हणून भिंतीवर टांगले होते, त्याला याने नुसता माणूस करून टाकले. फिनलंडच्या चित्रकलेतले श्रमाचे सर्वांत प्रामाणिक चित्र माझ्या मते हेच.

गंमत म्हणजे ही वाट त्याने स्वतःच पुढे नेली नाही. 1916 आणि 1917 च्या प्रदर्शनांतून त्याच्याभोवती ‘नोव्हेंबर गट’ उभा राहिला. मार्कुस कोलिन, आल्वार कावेन अशी मंडळी त्यात होती. रंग मातकट झाले, करडे आणि तपकिरी. 1918 मध्ये यादवी युद्धाने देश फाटला. मालकाच्या जमिनीवर घर बांधून, खंड म्हणून त्याच्याच शेतात ठरलेले दिवस राबणाऱ्या कुळांचा प्रश्न त्या फाटण्याच्या मुळाशी होता. त्याच वर्षी कायद्याने कुळांना जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षी साल्लिनेनने आपली दोन मोठी चित्रे काढली. एकात धर्माच्या उन्मादात गेलेले खेडूत आहेत, दुसऱ्यात नाचणारे. दोन्ही थोर आहेत, हे मान्य. पण देशात जमिनीवरून रक्त सांडत असताना त्या जमिनीवर राबणारा हात दोन्हींत नाही. आहे तो हात प्रार्थनेत तरी किंवा नाचात तरी. कामाचा शीण अंगात उतरलेली माणसे दिसतात, काम दिसत नाही. कावेनचा 1922 चा आंधळा वादकही याच घराण्यातला. (वादन हेही पोटासाठीचे कामच, असे कोणी म्हटले तर वाद घालणार नाही.)

पुढे हा मातकट रंग सवय झाला. ज्याला आधी कुरूप म्हटले तोच ‘अस्सल फिनिश’ ठरला, आणि मग करडा रंग, जड खांदे, खाली गेलेल्या माना यांचा एक ठरीव साचा तयार झाला. मूळ धक्का त्यात उरला नाही.

अपवाद म्हणून विल्हो लाम्पीचे नाव घ्यायला हवे. 1898 चा जन्म, हेलसिंकीत कलाशिक्षण, आणि मग लिमिंकाच्या सपाट मुलखात घरच्या शेतीवर परत. शेती सांभाळून त्याने आईवडील, गावकरी, नदीकाठ आणि स्वतःचा चेहरा रंगवला. त्याच्या माणसांना बाहेरून पाहणारे कोणी नाही, पाहणारा त्यांच्यातलाच. 1936 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी, ओउलूत त्याने जीव दिला. पुढे पावो रिंताला याने त्याच्यावर कादंबरी लिहिली, आणि तेव्हापासून लाम्पीच्या चित्रांपेक्षा त्याच्या दुःखान्ताचीच चर्चा जास्त होते. हा अन्याय आहे.

हालोनेन आणि साल्लिनेन यांची धुण्याची ही दोन्ही चित्रे हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. तिथे जाणे जमेल त्याने जावे. नाही जमले तरी फिनिश राष्ट्रीय कलादालनाच्या संकेतस्थळावर ती शोधून एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, आधी 1900 चे आणि मग 1911 चे.