सागरी स्फुरदचक्राचे संशोधन व अर्थसाहाय्य : एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्फुरद अर्थात फॉस्फरस हे सजीवांच्या पेशींतील अनिवार्य मूलद्रव्य होय. नत्राप्रमाणे त्याचा वातावरणात मोठा वायुरूप साठा नाही. खडकांची झीज, नदी, समुद्र आणि अखेर तळाचा गाळ असा त्याचा प्रवास असतो. मीरा-भाईंदरच्या उत्तरेस वसईची खाडी उल्हास नदीचे पाणी नागरी सांडपाण्यासह अरबी समुद्रात नेते आणि उत्तनचा मच्छीमार समाज याच समुद्रावर उपजीविका करतो. म्हणूनच या चक्राच्या अभ्यासास निधी कसा मिळतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता उरत नाही. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यातील या संस्थेने १९९७ पासून कांदोळीनजीकच्या समुद्रात नियमित निरीक्षणे हाती घेतली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलावरचे पोषकद्रव्ययुक्त, परंतु अल्प प्राणवायूचे पाणी किनाऱ्याकडे येते. पावसाळ्याच्या अखेरीस तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. तेव्हा गाळात लोहाशी बांधलेले फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते. या नैसर्गिक फेऱ्यात सांडपाण्याची भर किती, हे एक-दोन वर्षांच्या नमुन्यांवरून सांगता येत नाही, कारण पर्जन्यमान व वाऱ्यांचा जोर दरवर्षी बदलतो.

जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने खोल समुद्र मोहिमेस पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपये मंजूर केले. खनिज उत्खनन व मानवी पाणबुडीबरोबर हवामानबदल आणि जैवविविधता हे विषयही तीत आहेत. ही उद्दिष्टे गौण नाहीत. तथापि पाणबुडीचे छायाचित्र काढता येते, वीस वर्षांच्या फॉस्फेट-नोंदींचे नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडला गेला. त्यातील मोठा वाटा शासनेतर स्रोतांकडून अपेक्षित होता. परंतु खाडीच्या गाळात उद्योगांना रस का वाटावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

अल्पमुदतीच्या प्रकल्पांमुळे उत्तरदायित्व राहते, असा युक्तिवाद केला जातो. तो अंशतः ग्राह्य आहे. मात्र मूल्यमापन तीन वर्षांनी व्हावे, याचा अर्थ मापनही तीन वर्षांनी थांबावे असा नव्हे.

निष्कर्ष :
१९६२ मध्ये मर्फी व रायली यांनी मांडलेल्या मॉलिब्डेनम-निळ्या पद्धतीने फॉस्फेटचे मापन महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातही शक्य आहे. किनारी महाविद्यालयांना अल्प परंतु अखंड अनुदान द्यावे, त्यांच्या मापनांची पडताळणी राष्ट्रीय संस्थेने करावी आणि नोंदी सर्वांस खुल्या ठेवाव्यात. निधीचा आकडा लहान असला तरी चालेल, नोंदींची साखळी तुटता कामा नये. तुटलेल्या वर्षांचे पाणी पुन्हा मोजता येत नाही.