अंडरडॉग म्हणजे नेमकं कोण? विदर्भाची पहिली रणजी फायनल आणि एका गाजलेल्या पेपरची तपासणी

रिसर्च प्रपोजल लिहिताना सगळ्यात मोठा मोह सांगू? आपल्या विषयाच्या नावाचा एखादा गाजलेला पेपर शोधायचा, त्यातली प्रश्नावली उचलायची, मराठीत उतरवायची आणि आपल्या जिल्ह्यातल्या दोनशे लोकांकडून भरून घ्यायची. चॅप्टर तीन तयार. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, मुलाखतीत ‘मेथडॉलॉजी काय?’ हा प्रश्न येणारच आहे. म्हणून आज एक पेपर घेऊन बघू की तो उचलला तर काय काय गळून पडतं.

पेपर आहे ‘द अपील ऑफ द अंडरडॉग’. जोसेफ व्हॅन्डेलो, नदाव गोल्डश्मीड आणि डेव्हिड रिचर्ड्स यांचा, २००७ सालचा, ‘पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी बुलेटिन’मधला. प्रश्न साधा: ज्याची हरण्याची शक्यता जास्त, त्याच्या बाजूने लोक का उभे राहतात? आणि तपासणीसाठी माझं उदाहरण आपल्याकडचं आहे: डिसेंबर २०१७ मधले ते आठ दिवस, जेव्हा विदर्भाचा संघ रणजी करंडकाच्या फायनलला पोहोचला होता आणि फायनल अजून व्हायची होती.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. विदर्भ रणजी खेळतोय १९५७-५८ च्या हंगामापासून. साठ वर्षांत फायनल एकदाही नाही. २०१७-१८ ला उपांत्यपूर्व सामन्यात केरळला ४१२ धावांनी हरवलं आणि सेमीफायनलला कोलकात्यात, ईडन गार्डन्सवर, समोर कर्नाटक. पहिल्या डावात विदर्भ १८५, कर्नाटक ३०१, त्यात करुण नायरच्या १५३. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या, कर्नाटकसमोर १९८ चं लक्ष्य. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. पाचव्या दिवशी सकाळी शेपटाने जीव खाल्ला आणि शेवटी विदर्भ फक्त ५ धावांनी जिंकला. रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले. तारीख २१ डिसेंबर. फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध, २९ डिसेंबरपासून.

मधले आठ दिवस. आपल्याला अभ्यासायचेत ते हे दिवस, सामना नाही.

आता पेपर काय म्हणतो ते बघू. व्हॅन्डेलो आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या जोड्या दाखवल्या. एकात ऑलिम्पिकमधले देश, एकात इस्रायल-पॅलेस्टाईनचे नकाशे, ज्यात कधी ही बाजू मोठी दिसेल तर कधी ती. एका प्रयोगात युरोपातल्या बास्केटबॉल सामन्याची तीच चित्रफीत दाखवली. काहींना सांगितलं हा संघ वरचढ, काहींना सांगितलं तो. निकाल ठाम होता. ज्याला ‘कमजोर’ म्हणून सांगितलं, त्याच्याकडे कल. शिवाय खेळ तोच असूनही कमजोर म्हटलेल्या संघात लोकांना जिद्द आणि मेहनत जास्त दिसली, गुणवत्ता मात्र कमी दिसली.

हा शेवटचा निष्कर्ष मला पेपरातला सगळ्यात चांगला वाटतो, आणि आपल्याकडे तो तंतोतंत लागू होतो. २०१७ च्या विदर्भाबद्दल लोक कसं बोलायचे ते आठवा. जिद्द, स्वप्न, परीकथा. आता गुरबानीने फायनलमध्ये काय केलं ते बघा: दिल्लीच्या पहिल्या डावात हॅट्‌ट्रिक, तिघेही त्रिफळाचित, त्यात १४५ वर खेळणारा ध्रुव शोरे. रणजी फायनलमधली ती फक्त दुसरी हॅट्‌ट्रिक. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. तीन चेंडूंवर तीन दांड्या जिद्दीने उडत नाहीत. त्याला स्विंग लागतो, टप्पा लागतो, वर्षानुवर्षांचा सराव लागतो. पण ‘अंडरडॉग’ हे लेबल एकदा चिकटलं की कौशल्याचं श्रेय आपसूक कापलं जातं, आणि हे कौतुक करणारेच करतात. गावाकडच्या विद्यार्थ्याला ‘तू फार मेहनती आहेस’ म्हणतात, ‘हुशार आहेस’ म्हणत नाहीत, तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलं असेल.

इथपर्यंत पेपर छान. पुढे अडचण सुरू होते.

पहिली अडचण: त्या प्रयोगातले विद्यार्थी त्रयस्थ होते. फ्लोरिडातल्या मुलामुलींना त्या युरोपीय संघांच्या हारजितीचं काही सोयरसुतक नव्हतं. अशा पाठिंब्याला किंमत मोजावी लागत नाही. फ्रेझर आणि स्नायडर यांचा १९९१ चा अभ्यास याला जोडून वाचा. त्यांनी सात सामन्यांच्या काल्पनिक मालिकेबद्दल विचारलं. दहातल्या आठांनी कमजोर संघ निवडला. मग सांगितलं की या संघाने पहिले तीन सामने जिंकलेत, आता काय? निम्मे लोक दुसऱ्या बाजूला गेले! म्हणजे त्यांना तो संघ नको होता, त्यांना चुरस हवी होती. चंद्रपुरातल्या ज्या पोराने २१ तारखेला सकाळपासून मोबाईलवरचा स्कोअर सोडला नव्हता, त्याला सांगून बघा, की विदर्भ आता पुढे आहे तर तू दिल्लीकडे हो. काय ऐकायला मिळेल ते इथे छापता येणार नाही.

तो अंडरडॉगला पाठिंबा देतच नव्हता. तो आपल्या संघाची वाट बघत होता. बाहेरून दोन्ही वागणं सारखं दिसतं, दोघंही ‘विदर्भ जिंको’ याच रकान्यात टिक करतात, आणि तुमचा डेटा दोघांना एकत्र मोजतो.

दोघांना वेगळं कसं करायचं? इथे मराठी आपल्या मदतीला येते. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांचा १९७६ चा प्रसिद्ध अभ्यास आहे. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी ‘वुई’ वापरतात, हरला की तो शब्द कमी होतो, असं त्यांना फोनवरच्या मुलाखतींत आढळलं. इंग्रजीत एकच ‘वुई’. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. ‘आम्ही फायनलला पोहोचलो’ म्हणणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. ‘आपण पोहोचलो’ म्हणणारा त्याला आत ओढतो. नागपूरचा माणूस गडचिरोलीच्या माणसाशी बोलताना यातलं काय वापरतो, आणि उलट दिशेने काय येतं, एवढं जरी कोणी नीट नोंदवलं तरी चाल्डिनीच्या पुढे एक पाऊल पडेल. अर्थात कोडिंग करताना सावध: आपल्याकडे ‘आपण’ म्हणजे ‘मी’सुद्धा असतो (‘आपन नाई जात बा’), आणि आदरार्थी ‘तुम्ही’सुद्धा. नुसता शब्द मोजून चालणार नाही, अख्खं वाक्य बघावं लागेल.

भाषेवरून आठवलं. ‘अंडरडॉग’चं मराठी काय करणार? प्रश्नावलीत काहीतरी लिहावंच लागेल. ‘दुबळा संघ’ लिहिलंत तर तो आधीच हरलेला वाटतो. ‘लिंबूटिंबू’ तर आणखी वेगळं: लहानपणी ज्याला खेळात घ्यायचं पण ज्याच्यावर राज्य यायचं नाही, तो. लिंबूटिंबूची हार मोजली जात नाही, म्हणून त्याची जीतही मोजली जात नाही. अंडरडॉगची मात्र मोजली जाते. रिचर्ड ब्रिस्लिनने १९७० मध्ये उलट भाषांतराची पद्धत मांडली: एकाने मराठीत न्यायचं, मूळ न बघितलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही ताडायचे. ‘लिंबूटिंबू’ या चाळणीतून परत ‘अंडरडॉग’ होऊन येत नाही. माझ्या मते इथे शब्द टाळावा आणि गोष्ट साध्या वाक्यात विचारावी: संघ जिंकेल असं किती वाटतं, याआधी किती वेळा जिंकलाय, आणि त्याच्याकडे पैसा-सोयी किती आहेत.

ते तीन प्रश्न मुद्दाम वेगळे लिहिलेत. पेपरातच एक प्रयोग आहे, ज्यात जिंकण्याची शक्यता कमी पण पैसा जास्त असा संघ दाखवला, तेव्हा लोकांचा कल कमी पैसेवाल्याकडे वळला. म्हणजे लेखकांनाही कळलं होतं की ‘कमजोर’ या एका शब्दात बऱ्याच गोष्टी कोंबल्या आहेत. आता विदर्भ या तीन मापांवर ठेवा. इतिहास: साठ वर्षं कोरी, म्हणजे पक्का अंडरडॉग. शक्यता: केरळला ४१२ धावांनी हरवून आलेला संघ, कमजोर कसा म्हणणार? पैसा-सोयी: जामठ्याचं भलंमोठं स्टेडियम २००८ पासून उभं आहे, क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष राहिलेले शशांक मनोहर नागपूरचे, प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईला रणजी जिंकून देऊन आलेले, संघात रणजीत सर्वाधिक धावा करणारा वसीम जाफर. याला गरीब बिचारा संघ म्हणणं म्हणजे परीकथेच्या नादात हिशोब न बघणं आहे. विदर्भाने फायनल ९ गडी राखून जिंकली, १ जानेवारी २०१८ ला, आणि पुढच्या वर्षी करंडक राखलासुद्धा. नशीब असं दोनदा लागोपाठ येणं अवघड.

पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या चाहत्याकडून बघा. जामठा चंद्रपूरहून दीडशे किलोमीटरच्या आसपास, सिरोंचाहून तर त्याच्या दुपटीहून जास्त. संघाच्या नावात त्याचा प्रदेश आहे, त्या सोयी मात्र त्याच्या वाट्याला नाहीत. त्याच्या ‘आपण कमी आहोत’ या भावनेचा उगम दिल्लीशी तुलना करण्यात आहे की नागपूरशी? माझा अंदाज, दोन्हींत, आणि फायनलच्या आठवड्यात नागपूरवाली तुलना तात्पुरती झाकली जाते. त्या आठवड्यात संघाबद्दलची ओढ इतकी जोरात का असते, याचं एक उत्तर इथे असू शकतं. हे तपासायचं तर नमुना फक्त चंद्रपूर शहरातून घेऊन ‘विदर्भातील चाहते’ असं शीर्षक देता येणार नाही. गुगल फॉर्म पाठवलात तर भामरागड-एटापल्लीची, नेटवर्क न लागणारी गावं आपोआप गळतील. सिरोंचाला तेलुगू बोलणारे गळतील. शिवाय डिसेंबर म्हणजे झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. धान निघालेलं असतं, वडसा भागात रात्र-रात्र नाटक चालतं. त्या आठवड्यात हजारो लोक जागे होते ते रणजीसाठी नाही. वाट न बघणारेही नमुन्यात हवेत, नाहीतर वाट बघणाऱ्यांत वेगळं काय ते कळणार कसं?

सगळ्यात मोठी त्रुटी मात्र वेळेची आहे. व्हॅन्डेलोच्या प्रयोगात कोणी वाट बघतच नाही. जोडी दाखवली, कल विचारला, संपलं. वाट बघण्यात तर अपेक्षाच बदलत जाते. २१ तारखेच्या संध्याकाळी आमच्या होस्टेलवर ऐकू येत होतं, ‘फायनल गाठली तेच लय झालं’. उमेश यादव आता भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला जाणार, फायनलला नाही, म्हणून सुस्कारे. २८ ला त्याच तोंडांतून, ‘आता जिंकाचंच’. मधे विदर्भाने एक चेंडूही टाकला नव्हता. संघ तोच, समोर दिल्ली तीच, तरी चाहत्याच्या डोक्यातला अंडरडॉग आठ दिवसांत संपला होता. एकदाच मोजलंत तर यातलं काहीच दिसणार नाही. रोज संध्याकाळी दोन प्रश्न, आठ दिवस, त्याच माणसांना: एवढंसं डिझाइन या पेपरात नसलेलं बरंच काही देईल.

आणि आता, इतक्या वर्षांनी, मुलाखती घेऊन हे काढू म्हणाल तर ते जमणार नाही. बरुक फिशहॉफने १९७५ पासून दाखवलंय की निकाल कळल्यावर माणसाला वाटतं, आपल्याला आधीच ठाऊक होतं. आज कोणालाही विचारा, ‘विदर्भ जिंकणारच होता’ असंच सांगेल. त्या वेळचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मात्र तारखेसकट आहेत. ग्रुपमधल्या प्रत्येकाची संमती घ्यावी लागेल, एकट्या ॲडमिनची पुरणार नाही.

लेबल किती लवकर फिरतं याचं ताजं उदाहरण २०२५ च्या फायनलचं. यावेळी जामठ्यात वरचढ होता विदर्भ, आणि पहिल्यांदा फायनलला आलेला केरळ. उपांत्यपूर्व सामन्यात एका धावेच्या आणि सेमीफायनलमध्ये दोन धावांच्या आघाडीवर पोहोचलेला. २०१७ ला आपल्याविरुद्ध १५३ करणारा करुण नायर आता आपल्याकडून शतक ठोकत होता. दिल्लीचा शोरेही आपल्याच संघात. आणि २०१८-१९ ची फायनल ११ बळी घेऊन आपल्याला जिंकून देणारा आदित्य सरवटे केरळकडून ७९ करत होता. विदर्भ पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विजेता ठरला. त्या पाच दिवसांत सरवटेच्या चौकाराला चंद्रपुरातला माणूस टाळी वाजवत असेल, तर व्हॅन्डेलोच्या तक्त्यात त्याला बसवायला रकाना नाही.

हा विषय कोणी घेणार असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. विदर्भ फायनलला जाईल का हे सेमीफायनल संपल्यावरच कळतं, म्हणून एथिक्स कमिटीची मंजुरी हंगाम सुरू होण्याआधी, ऑक्टोबरच्या आत, हातात ठेवा. सेमीफायनल जिंकल्यावर अर्ज करायला गेलात तर तुमचे आठ दिवस कमिटीच्या दारातच संपतील.