वाघजीभाई वकील काय खातात?

सुरतेतल्या एका अख्ख्या पिढीला बकोर पटेल घरच्यासारखे. हरिप्रसाद व्यासांनी इथल्याच ‘गांडीव’ या मुलांच्या पाक्षिकात १९३६ ते १९५५ या काळात त्यांच्या गोष्टी लिहिल्या. पटेल म्हणजे बोकड, शकरी पटलाणी त्यांची बायको, आणि स्नेह्यांमध्ये वाघजीभाई वकील. नावाप्रमाणे वाघच! बाहेर महायुद्ध, बेचाळीसची चळवळ, फाळणी. आणि मुलं पंधरा दिवस वाट बघणार ती पटेलांच्या नव्या फजितीची. याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दिवसभर धाकात राहिलेल्या माणसाला रात्री वीस पानं तरी बिनधोक हवीतच की.

आम्हा जैनांना बोकडाशेजारचा वाघ नवा नाही. समवसरणाच्या चित्रात सिंह आणि गाय वैर विसरून शेजारी बसलेले असतात. फक्त तिथे ते वैर फुकटात सुटलेलं नसतं. मधोमध जो बसलाय, त्याच्यामागे बारा वर्षांहून जास्त तप आहे.

हल्ली इंग्रजीत अशा उबदार अद्भुतकथांची लाट आहे. ट्रॅव्हिस बाल्ड्रीची ‘लेजंड्स अँड लाटेज’ (२०२२) त्यातली गाजलेली. विव्ह नावाची लढवय्यी राक्षसीण तलवार बाजूला ठेवते आणि ज्या गावाला कॉफी ठाऊकच नाही तिथे कॉफीचं दुकान थाटते. सुतारकाम, भट्टीतून निघणारे दालचिनीचे रोल, हळूहळू जमणारी माणसं. मी एका बैठकीत वाचली, खोटं कशाला बोलू? हिंसेचा धंदा सोडून दुकान मांडणारी नायिका आमच्या व्यापारी जातीला आवडायचीच.

पण दुकानाच्या फरशीखाली एक मणी पुरलेला आहे. नशीब उघडणारा. तो आलाय एका मारलेल्या प्राण्याच्या डोक्यातून, आणि तो वध पुस्तकाच्या सुरुवातीलाच होतो. पुढे पुस्तक काळजी करतं ती एवढीच, की बरकत मण्यामुळे आली की माणसांमुळे. त्या प्राण्याचं काय, हे राहूनच जातं.

चंडकौशिक नागाची कथा इथे आठवते. महावीरांना डसल्यावर त्याला उपरती झाली, तोंड बिळात घालून तो पडून राहिला. मुंग्या अंग पोखरत होत्या, तरी हलला नाही. हललो तर त्या चिरडतील म्हणून. तलवार खाली ठेवणं म्हणजे काय, हे त्या कथेत अंगावर येतं.

बकोर पटेलांकडून मी हे मागत नाही. वाघजीभाई काय खातात हे आठ वर्षांच्या मुलाला कळायची घाई नाही, आणि वाघजीभाईंनी आमच्यासमोर कधी कुणाला मारलंही नाही. विव्हने मारलंय. लेखकाने ते आपल्याला दाखवलंय, आणि मग वर फरशी बसवून कॉफी पुढे केलीय.