मैफल रंगते म्हणजे काय?

मराठीत गायक गातो, वादक वाजवतो, मैफल मात्र रंगते. 'अमक्यांनी मैफल रंगवली' असे वर्तमानपत्रात छापून येते खरे. पण मैफलीहून घरी परतणारा माणूस चपला काढता काढता 'आज रंगली' एवढेच म्हणतो. कोणी रंगवली, हे त्या वाक्यात नसते. बंगालीत आसर जमतो, हिंदीत महफिल जमते. तिथेही कर्ता म्हणून कोणी माणूस पुढे येत नाही. जे घडते ते मंचावरच्या एकट्या माणसाच्या हातात नसते, ही जाण या क्रियापदांत आहे. आवडत्या कलावंतांना समोर बसून ऐकताना जे अनुभवले, त्याच्या आधारे या 'रंगण्या'चा अर्थ तपासून पाहावा, असे बरेच दिवस मनात आहे. शब्द अजून रोजच्या वापरात आहे, पण त्यातला आशय पातळ होत चालला आहे.

माझ्या पिढीचा चाहता बहुतांशी ध्वनिमुद्रणांनी घडवलेला. किशोरी आमोणकरांचा भूप मी आधी कॅसेटवर ऐकला आणि इतक्या वेळा ऐकला, की 'सहेला रे'च्या मुखड्यानंतर श्वास कुठे येतो तेही पाठ झाले. अशा श्रोत्याला मैफलीत पहिला फरक जाणवतो तो वेळेचा. किशोरीताईंचे सूर जुळवणे हा त्यांच्या मैफलीचा एक भागच असे. तानपुरे लागले असे आपल्याला वाटावे आणि त्यांनी पुन्हा एखाद्या तारेकडे वळावे. मग स्वरमंडल, मग पुन्हा तानपुरा. ध्वनिमुद्रणात हा भाग अर्थातच नसतो, कारण ते गाणे नव्हे. पण त्या मिनिटांत सभागृह बदलते. रिक्षाचे भाडे, उद्याची कामे, शेजारच्या खुर्चीवरची ओळख हे सगळे कानात घेऊन आलेली माणसे एका षड्जाकडे येतात. कुजबुज आपोआप थांबते. गाणे सुरू होण्याआधी ऐकणे सुरू झालेले असते.

दुसरा फरक याहून मोठा आहे. कॅसेट ऐकताना, नकळत का होईना, किती उरले आहे हे ठाऊक असते. मोबाइलवर तर तो आकडा डोळ्यांसमोरच सरकत असतो. मैफलीत पुढचे काहीच ठाऊक नसते. भूपात स्वर पाचच: सा, रे, ग, प, ध. विलंबित लयीत गायिका गंधारावर येऊन थांबते, तेव्हा ती पंचमाकडे जाईल, की ऋषभाला स्पर्श करून मागे फिरेल, हे कोणीच सांगू शकत नाही. ती थांबते आणि तिच्याबरोबर सगळे थांबतात. ध्वनिमुद्रणात तोच गंधार शंभराव्यांदा ऐकताना तो सुंदर लागतो, पण त्यात अनिश्चितता राहिलेली नसते. तो झालेला गंधार असतो. मैफलीतला गंधार अजून व्हायचा असतो.

भीमसेन जोशींना ऐकताना हेच वेगळ्या वाटेने कळले. त्यांच्या गाण्यातली शारीरिक हालचाल हा अनेकांच्या थट्टेचा आणि नकलेचा विषय होता. पण पुण्यात रमणबागेच्या पटांगणात, भारतीय बैठकीवर, मंचापासून बऱ्याच अंतरावर बसून त्यांना ऐकणाऱ्याला त्या हालचालीचा उपयोग कळत असे. तान गळ्यातून येण्याआधी हात उचलला जाई, खांदा झुके, मान वळे. एवढ्या मोठ्या समुदायाला एकाच वेळी कळे, की आता काहीतरी वर जाणार आहे. मग ती तान वळणे घेत समेकडे येऊ लागे आणि मात्रा न मोजणारा माणूससुद्धा समेची वाट पाहू लागे. सम आली की दाद एकदम उठे, कारण ती आधीपासून एकत्र साठत आलेली असे. तबल्याचा ठेका कायम असला, तरी समेवर कोणत्या वाटेने यायचे हे गाणारा त्या क्षणी ठरवत असतो. ती वाट तो थोडी लांबवतो, आणि आपण लांबवू देतो.

रंगण्याचा अर्थ मला इथे सापडतो. अनेक माणसे एकाच क्षणाची वाट पाहत असतात आणि गाणाऱ्यालाही ते जाणवत असते, तेव्हा मैफल रंगते. गायन उत्तम असूनही मैफल न रंगणे आणि थकलेल्या गळ्यानेही ती रंगणे, हे दोन्ही नेहमी घडते. त्याचे कारण असे, की गळ्याची तयारी ही गायकाची कमाई असते आणि ती वाट पाहणे सगळ्यांची.

म्हणूनच चाहता हा कधी कधी मैफलीतला सगळ्यात अवघड श्रोता ठरतो. तो वाट पाहायला येत नाही. जे माहीत आहे ते पुन्हा मिळवायला येतो. मागच्या रांगेतून ओरडून केलेली फर्माईश हे त्याचे उघड रूप. गायक दुसराच राग मांडत असतो आणि चाहत्याच्या कानात त्याची कॅसेट वाजत असते. मोबाइल उंच धरून चित्रण करणारा याच जातीचा. आत्ताचे ऐकणे त्याने पुढे ढकललेले असते. टाळ्यांचीही तीच गत. चढी लय आणि लांबलचक तिहाई यांना टाळी ठरलेली, कारण त्यांचा शेवट दुरून दिसतो. गंधारावरच्या थांबण्याला टाळी देता येत नाही. तिथे फार तर शेजाऱ्याचा एक दबका 'वा' ऐकू येतो. मोठ्या महोत्सवांत हे हलके 'वा' ध्वनिवर्धकांच्या भिंतीआड बुडतात. गाणाऱ्यापर्यंत पोहोचते ती फक्त टाळी, आणि मग गाणेही टाळीच्या दिशेने झुकू लागते.

काही रंग वेळेनेच नेले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. नियम रास्त आहे. मैदानाशेजारच्या घरांतही माणसे राहतात, त्यांत आजारी असतात, परीक्षेची मुले असतात. पण त्यामुळे रात्रभराच्या बैठकी संपल्या. उत्तररात्रीचा दरबारी आणि त्यानंतर उजाडताना येणारा ललित हा क्रम आता सलग मिळत नाही. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत पहाटेचे राग कानी पडतात, पण अंघोळ करून, नवे कपडे घालून ऐकलेला ललित आणि रात्र जागून त्याच्यापर्यंत पोहोचल्यावर ऐकलेला ललित यांत फरक आहे. दुसऱ्यात श्रोत्याचे शरीरही त्या रागापर्यंत चालत आलेले असते.

मराठी संगीतसमीक्षेची थोर पाने या वाट पाहण्यातूनच लिहिली गेली. केशवराव भोळे ऐकलेल्या गायकांविषयी लिहीत, तेव्हा कानाने टिपलेले शब्दांत कसे आणायचे याची झटापट त्यांच्या वाक्यांत दिसते. वामनराव देशपांड्यांनी 'घरंदाज गायकी'त स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान घराणी कुठे उभी आहेत याची मांडणी केली. तिच्याशी वाद घालता येतो, पण ती वर्षानुवर्षे बैठकीत बसल्याशिवाय सुचणारी नव्हे. त्या लेखनात मैफल हा पुरावा होता. आज कलावंतावरच्या लेखात चरित्र असते, पुरस्कार असतात आणि किस्से असतात: कोण कसे रागावले, कोणी गुरूची सेवा कशी केली. किस्सा वाचायला गोड, पण तो गाणाऱ्याविषयी सांगतो, गाण्याविषयी गप्प राहतो. अमक्या दिवशी अमक्या रागात मध्य सप्तकातून वर जाताना काय घडले आणि सभागृह कुठे थांबले, हे लिहिणारे कमी होत गेले. मग 'रंगली' हा शब्द केवळ शिष्टाचार म्हणून उरतो.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल: मग ध्वनिमुद्रण दुय्यमच समजायचे का? याचे उत्तर सवाई गंधर्व महोत्सवाच्याच एका प्रथेत मिळते. सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले. शिष्य भीमसेनांनी त्यांच्या स्मरणार्थ १९५३ पासून हा महोत्सव सुरू केला. त्याची सांगता होते ती सवाई गंधर्वांच्याच भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने. दिवसचे दिवस प्रत्यक्ष गाणे ऐकल्यावर शेवटी मंच मोकळा असतो आणि काही मिनिटांची, खरखर असलेली एक तबकडी वाजते. तिच्यात बदलण्यासारखे काहीच नाही. दरवर्षी तीच भैरवी, त्याच जागा. समोरच्यांपैकी जवळजवळ कोणीच त्या गायकाला डोळ्यांनी पाहिलेले नाही. आणि तरीही पटांगण वाट पाहते. जागा येते तेव्हा माना हलतात, दूर कुठेतरी एकजण 'वा' म्हणतो.

तीच ध्वनिमुद्रिका मी घरी, चांगल्या यंत्रावर, एकट्याने अनेकदा ऐकली आहे. घरी ती सुंदर वाटते. रमणबागेत ती रंगत असे.